पेसमेकर बसवलाय, तरी जिना चढताना ठोके एकदम निम्मे होतात

निरंजना

नमस्कार मंडळी. बाबांना (वय 64) पाच महिन्यांपूर्वी पेसमेकर बसवला. पूर्ण हार्ट ब्लॉक होता. हृदयाच्या वरच्या कप्प्यातली वीज खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हती आणि नाडी 34 वर आली होती. यंत्र बसल्यावर चक्कर थांबली, चेहरा उजळला. आम्हाला वाटलं, सुटलो.

सपाटीवर ते कितीही चालतात. जिना चढायला लागले की मात्र तिसऱ्या मजल्याच्या आसपास गाडी अडते. त्यांच्याच शब्दांत सांगते: "हळूहळू दमत नाही गं, एकदम कोणीतरी आतली वीज काढून घेतल्यासारखं होतं." कठडा धरून दोनेक मिनिटं उभे राहिले की पूर्ववत.

तपासणीला नेलं तेव्हा बॅटरी उत्तम, लीड (यंत्रापासून हृदयात जाणारी तार) उत्तम असं सांगितलं. वयाचा भाग आहे, सवय होईल, असंही सांगितलं. मला ते पटलं नाही. परवा त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि सोबत चढले. नाडी 98, 107, 116, 119 आणि मग थेट 61! मधला एकही आकडा दिसला नाही. तेवढ्यातच बाबा थांबले.

आता ते जिना टाळतात, आणि कारण विचारलं तर विषय बदलतात. यंत्रात बिघाड आहे का? कोणाला असा अनुभव आहे का?

शिरीष

निरंजनाताई, अगदी असं नाही, पण आकड्यांचा घोळ आमच्याकडेही आहे. सासऱ्यांचा पेसमेकर 60 वर लावलाय. तो 60 च्या खाली जाऊच देणार नाही असं सांगितलं होतं. तरी ऑक्सिमीटर मध्येच 40 दाखवतो. मग यंत्र करतंय काय? वेगळा धागा काढत नाही, इथेच विचारतो.

लंबक

निरंजनाताई, बरीच वर्षं पेसमेकरचं प्रोग्रॅमिंग हेच माझं काम होतं. तुम्ही ऑक्सिमीटर लावून सोबत चढलात, हे फार मोलाचं केलंत. 119 वरून 61 म्हणजे जवळजवळ बरोब्बर निम्मे. दमलेल्या माणसाची नाडी अशी निम्मी होत नाही. यामागे हिशेब आहे.

तपासणीनंतर छापील रिपोर्ट मिळतो, त्यातल्या पाच गोष्टी इथे टाका: मोड, लोअर रेट, अप्पर ट्रॅकिंग रेट, एव्ही डिले आणि पीव्हीएआरपी. नाव, यंत्राचा नंबर वगैरे टाकू नका.

शिरीष, तुमचाही प्रश्न लक्षात आहे.

निरंजना

रिपोर्ट सापडला. मोड डीडीडी, लोअर रेट 60, अप्पर ट्रॅकिंग रेट 130, एव्ही डिले (सेन्स्ड) 180 मिलिसेकंद, पीव्हीएआरपी 320 मिलिसेकंद. एव्ही डिलेच्या पुढे 'ॲडॅप्टिव्ह: ऑफ' असंही लिहिलंय.

लंबक

मिळालं. जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा समजलं की रिपोर्ट तुम्हाला स्वतःला वाचता येईल.

पेसमेकरची भाषा ठोक्यांची नसून मिलिसेकंदांची असते. मिनिटाचे मिलिसेकंद 60,000. ठोके 60 असतील तर दोन ठोक्यांमधलं अंतर 1000 आणि 120 असतील तर 500. ठोके वाढतात म्हणजे प्रत्यक्षात हे अंतर आक्रसतं, आणि त्या आक्रसलेल्या जागेत हृदयाला आपली सगळी विजेची कामं उरकावी लागतात.

बाबांचा वरचा कप्पा, म्हणजे अलिंद, ठणठणीत आहे. तिथला नैसर्गिक पेसमेकर (सायनस नोड) चढावर व्यवस्थित वेग वाढवतो. तुटलाय तो अलिंद आणि निलय (खालचा कप्पा) यांच्यामधला रस्ता. डीडीडी मोडमध्ये यंत्र त्या तुटलेल्या रस्त्याचं काम करतं: अलिंदातला ठोका ऐकतं, 180 मिलिसेकंद थांबतं (हाच एव्ही डिले) आणि निलयाला वीज देतं. म्हणजे जिन्यावर वेग यंत्र ठरवत नाही, बाबांचं स्वतःचं अलिंद ठरवतं. यंत्र फक्त मागोमाग जातं. ट्रॅकिंग म्हणतात ते हेच.

आता खरी मेख. निलयाला वीज दिल्यानंतर यंत्र 320 मिलिसेकंद वरच्या कप्प्याकडे कान बंद करून घेतं. त्या काळात अलिंदातून काही ऐकू आलं तरी त्यावर निलयाला ठोका देत नाही. हा झाला पीव्हीएआरपी. तो मुद्दाम ठेवलेला असतो. निलयातली वीज कधीकधी उलटी वर चढते. यंत्राने तिला अलिंदाचा खरा ठोका समजून पुन्हा निलयाला वीज दिली, ती पुन्हा वर चढली, तर एक चक्रच सुरू होतं. बसल्याजागी ठोके वाढतात आणि थांबत नाहीत. ते टाळण्यासाठी हा विश्रांतीचा काळ.

आता 180 आणि 320 ची बेरीज करा. 500. म्हणजे अलिंदाचा एक ठोका ऐकल्यापासून पुढचे 500 मिलिसेकंद यंत्र दुसऱ्या ठोक्यामागे जाऊ शकत नाही, आणि 500 मिलिसेकंद म्हणजे मिनिटाला 120.

अलिंद 119 ने चालतंय तोवर प्रत्येक ठोका 500 च्या किंचित पलीकडे पडतो आणि यंत्र त्यामागे जातं. अलिंदाने 122 गाठले की प्रत्येक दुसरा ठोका बंद कानावर पडतो. एक घेतला, एक सुटला. 122 चे निम्मे 61. ऑक्सिमीटरवर तुम्हाला दिसला तोच आकडा!

यंत्र बिघडलेलं नाही, सांगितलं तेच इमानाने करतंय. चुकलेत ते आकडे. कागदावर वरची मर्यादा 130 आहे, पण या बेरजेमुळे ती 130 कधी येऊच शकत नाही, त्याआधीच 120 ला कडेलोट होतो. आणि नेमकं शरीराला रक्त सगळ्यात जास्त हवं असतं तेव्हा. निम्मा पुरवठा झाला की शरीर घाबरून अलिंदाला आणखी पळवतं, पण त्याने हाती काही लागत नाही. बाबा थांबले की अलिंद 120 च्या खाली येतं आणि ठोके परत जुळतात. त्यांची ती दोन मिनिटं म्हणजे हीच.

उपाय बहुधा सोपा आहे. प्रोग्रॅमरवर पाच-दहा मिनिटांचं काम, कापाकापी काही नाही. ॲडॅप्टिव्ह एव्ही डिले सुरू करून घ्या, म्हणजे ठोके वाढतील तसा तो 180 वरून आपोआप कमी होत जाईल. पीव्हीएआरपी किती कमी करायचा ते मात्र तिथेच तपासून ठरवावं लागतं, कारण बाबांची वीज उलटी वर चढते का हे आधी बघायला हवं. वरून खाली जाणारा रस्ता बंद असला तरी खालून वर जाणारा कधीकधी उघडा असतो.

निरंजना

लंबकदादा, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. पाच महिने बाबा स्वतःलाच दोष देत होते. हे सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी 122 ला पोचतो? मग माझं हृदय बरं पळतंय की!"

मंजिष्ठा

लंबक यांनी फार नेमकं लिहिलंय. मी हृदयरोगाची डॉक्टर आहे, थोडी भर घालते.

धडधाकट माणसात अलिंद आणि निलय यांच्यामध्ये एव्ही नोड असतो. त्याचा एक विलक्षण गुण आहे: ठोके जितके घाईने येतात, तितका तो त्यांना जास्त रोखून धरतो. हृदयातल्या इतर पेशी अशा वागत नाहीत. एखाद्याला निजवून, तारेने फक्त अलिंदाचा वेग वाढवत नेला, तर वीज खाली पोचायला लागणारा वेळ वाढत जातो आणि शेवटी एखादा ठोका गळतो. तोच माणूस जिना चढून स्वतःच्या पायांनी त्याच वेगाला पोचला, तर हा वेळ उलट कमी होतो! कारण तेव्हा नुसते ठोके वाढलेले नसतात, ॲड्रेनालिनही वाढलेलं असतं आणि ते एव्ही नोडला पळवतं. वेग तोच, पण तो कशाने आला यावर विजेची चाल बदलते. आपण प्रोग्रॅम करतो तो ॲडॅप्टिव्ह एव्ही डिले म्हणजे या दुसऱ्या परिस्थितीची नक्कल.

एक सांगणं आहे. आकड्यांचा मेळ इतका चपखल बसतोय की हेच कारण असावं असं मलाही वाटतं. तरी श्रमाने येणारी धाप आणि थकवा यांना रक्तवाहिन्यांचा आजारही कारण असू शकतो, एखादी वेगळी लय असू शकते, श्रमात लीडचा संपर्क सुटत असू शकतो. म्हणून सेटिंग बदलून घ्याच, पण त्यानंतर पेसमेकर जोडलेला असताना ट्रेडमिलवर चालवून बघायला सांगा. पलंगावर झोपवून केलेल्या तपासणीत ही तक्रार सापडणार नाही. झोपलेल्या माणसाचे ठोके 120 होतच नाहीत. पाच महिने ती निसटली त्याचं कारण हेच. आणि छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर धाग्यावर न विचारता थेट रुग्णालय गाठा.

लंबक

+1, ट्रेडमिलचं मी लिहायला हवं होतं.

आता शिरीष यांचं. सासऱ्यांच्या रिपोर्टमध्ये 'पीव्हीसी' किंवा 'व्हीईएस' असा काही मोठा आकडा आहे का?

शिरीष

हो, पीव्हीसी काउंट म्हणून हजारांत आकडा आहे. कोणी काही बोललं नाही त्याबद्दल.

लंबक

मग बहुतेक असं होतंय. निलयातून मध्येच आगाऊ ठोका (पीव्हीसी) सुटतो. तो इतक्या लवकर येतो की निलय अजून रक्ताने भरलेलं नसतं. वीज फिरते, हृदय आकुंचन पावतं, पण बोटापर्यंत पोचेल एवढं रक्त बाहेर पडत नाही. ईसीजीवर ठोका दिसतो, बोटावर दिसत नाही.

पेसमेकर मात्र वीज ऐकतो, रक्त मोजत नाही. आगाऊ ठोका ऐकला की म्हणतो, हा झाला एक ठोका, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. समजा यंत्राने ठोका दिला, 500 मिलिसेकंदांनी आगाऊ ठोका आला आणि तिथून 1000 मिलिसेकंदांनी यंत्राने पुढचा दिला. दर 1500 मिलिसेकंदांत विजेचे ठोके दोन आणि नाडीचा एक. विजेने मोजलं तर मिनिटाला 80, बोटाने मोजलं तर 40. सासऱ्यांचा आकडा जुळतोय ना?

म्हणजे दोन्ही घरी यंत्र शाबूत असावं, पण कारणं अगदी वेगळी. एकीकडे यंत्राला वरचा ठोका दिसत नाही, दुसरीकडे दिसतो तो ठोका नाडी उमटवत नाही. खात्रीसाठी ईसीजी काढून घ्या, आणि हजारांतला पीव्हीसी काउंट डॉक्टरांना स्वतःहून दाखवा. ते कितपत मनावर घ्यायचं हे निलयाच्या ताकदीवर ठरतं, त्यासाठी इको बघावा लागतो.

ऋतुगंध

मंजिष्ठाताई, आईला एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदाची अनियमित, भरधाव लय) होतं, औषधांनी वेग आवरेना. शेवटी एव्ही नोड जाळून पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी सुरुवातीला 90 वर ठेवलाय. आईला रात्री झोपताना धडधड जाणवते, ती म्हणते कमी करा. डॉक्टर म्हणतात काही आठवडे थांबा. इतका वेग मुद्दाम का ठेवतात? शिवाय ईसीजीच्या कागदावर मशीनने 'क्यूटी वाढलेला' असं छापलंय, त्याची भीती वाटते.

मंजिष्ठा

ऋतुगंध, आईंना धीर द्या, आणि कृपा करून 90 घाईने कमी करवून घेऊ नका. डॉक्टर बरोबर सांगताहेत.

प्रत्येक ठोक्यानंतर निलयाच्या पेशींना पुन्हा भारित व्हावं लागतं. ईसीजीवर क्यूआरएसच्या (निलयाच्या ठोक्याची खूण) सुरुवातीपासून टी लहरीच्या (पुन्हा भारित होण्याची खूण) शेवटापर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. हा काळ वेगासोबत बदलतो: ठोके जलद तर क्यूटी आखूड, ठोके संथ तर क्यूटी लांब. पण हा बदल एका क्षणात होत नाही. वेग अचानक बदलला तर पहिल्या काही ठोक्यांत थोडा बदल होतो, उरलेला हळूहळू, दोन-तीन मिनिटांत. मागच्या वेगाचा संस्कार पेशी लगेच सोडत नाहीत.

आईंचं हृदय कित्येक महिने भरधाव पळत होतं. एव्ही नोड बंद केल्या दिवशी ते एकदम 60 वर आणलं असतं, तर क्यूटी लांबला असता. लांबलेल्या क्यूटीत मध्येच एखादा ठोका आणि त्यामागे मोठा खंड आला, की टॉर्साड नावाची जीवघेणी लय सुरू होऊ शकते. या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीच्या काळात काही रुग्ण अचानक दगावत होते. 90 च्या आसपास वेग ठेवायला लागल्यावर हा धोका पुष्कळ कमी झाला. म्हणून पहिले एक ते तीन महिने वेग वर ठेवतात आणि मग टप्प्याटप्प्याने उतरवतात. धडधड त्रासदायक आहे, मला कळतं, पण ती आईंचं रक्षण करतेय.

आता छापील 'क्यूटी वाढलेला'. पेसमेकर निलयाला टोकाकडून वीज देतो, ती नेहमीच्या जलद तारांमधून न जाता स्नायूतून पसरते. त्यामुळे क्यूआरएस रुंद होतो, आणि क्यूटीमध्ये क्यूआरएस धरलेला असल्याने क्यूटीही लांब दिसतो. वीज पसरायला वेळ लागला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आम्ही रुंद क्यूआरएसचा जवळपास निम्मा भाग वजा करतो. उदाहरणार्थ वेग 60, क्यूटी 480 आणि क्यूआरएस 160 असेल, तर 480 वजा साधारण 78 म्हणजे 402. घाबरण्यासारखं काही नाही.

वेगासाठीची दुरुस्तीही फसवते. यंत्रं बहुधा बॅझेटचं 1920 चं सूत्र वापरतात: क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या (सेकंदांत) वर्गमुळाने भागायचं. 60 ला ते चोख आहे, 90 ला जास्तीची दुरुस्ती करतं आणि आकडा उगाच फुगतो. आईंच्या कागदावर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असणार. तरी तो कागद त्यांच्या डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्या, आणि क्यूटी वाढवणारी औषधं सुरू नाहीत ना हे विचारा. काही अँटिबायोटिक्स आणि मानसोपचारातली काही औषधं त्यात येतात.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1981 साली रिकर्ड्स आणि नॉर्मन यांनी दाखवून दिलं की पेसमेकरचा वेग ठाम एकाच आकड्यावर ठेवला तरी व्यायामात क्यूटी आखडतो, ॲड्रेनालिनमुळे. त्यावरून त्यांनी यंत्रच सुचवलं: क्यूटी आखडला की समजायचं माणूस श्रम करतोय, आणि वेग वाढवायचा. हृदयाच्या विजेकडूनच वेग शिकायचा! मला ही कल्पना आजही सुंदर वाटते.

वळीव

मी स्वतः पेसमेकरवाला, वय 71, सायनस नोडच मंदावलेला. म्हणजे निरंजनाच्या बाबांच्या उलट: रस्ता बरा, पण वेग सांगणारा थकलेला. माझ्या यंत्रात हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. चालताना छान, पण स्थिर सायकलवर काहीच कळत नाही त्याला, कारण छाती हलत नाही. खडबडीत रस्त्यावर गाडीत बसलो की मात्र बसल्या बसल्या ठोके वाढतात. तपासणीत सांगितल्यावर सेन्सरची संवेदनशीलता बदलून दिली, आता बरं आहे.

पहिला पेसमेकर 1958 मध्ये स्टॉकहोममध्ये बसवला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. एकच ठरलेला वेग, झोपा नाहीतर धावा. पहिलं यंत्र तर काही तासच चाललं. पण तो रुग्ण, आर्ने लार्सन, पुढे दोन डझनांहून जास्त यंत्रं बदलत 2001 पर्यंत जगला, शल्यविशारद सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट या दोघांच्या निधनानंतरही. मी नव्या रुग्णांना हे आवर्जून सांगतो.

प्रश्न असा: उत्साह कमी वाटतो म्हणून खालची मर्यादाच 60 ची 80 करून घेतली तर? ओळखीच्या एकांनी करून घेतलीय.

लंबक

वळीवकाका, सरसकट नको. 2023 मध्ये दोन अभ्यास आले आणि दोन दिशांना गेले. निलयाची ताकद शाबूत, पण भरण्यात दोष, अशा प्रकारच्या हार्ट फेल्युअरचे रुग्ण दोन्हींत होते. मायपेस या अभ्यासात आधीच पेसमेकर असलेल्यांचा मूळ वेग माणसागणिक ठरवून साधारण 75 च्या आसपास नेला, आणि 60 वाल्यांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटलं. रॅपिड-एचएफमध्ये श्रमाच्या वेळी सेन्सरने वेग वाढवला. वेग वाढला, पण दर ठोक्यामागे बाहेर पडणारं रक्त कमी झालं आणि व्यायामाची क्षमता होती तिथेच राहिली.

शिवाय वीज कुठे दिली जाते हेही बघावं लागतं. 2002 च्या डेव्हिड चाचणीत, डिफिब्रिलेटर (जीवघेणी लय झटक्याने थांबवणारं यंत्र) बसवलेल्या दुबळ्या हृदयाच्या रुग्णांमध्ये, उजव्या निलयाला 70 च्या वेगाने ठोके देत राहण्यापेक्षा 40 वर फक्त राखीव ठेवलेलं बरं ठरलं. उजव्या टोकाकडून दिलेल्या विजेमुळे डावं निलय मागे पडतं. तुमचा रस्ता चांगला आहे, तर तुमचं निलय स्वतःच्या तारांनीच चालू द्यावं. रिपोर्टमध्ये 'व्ही पेसिंग' (निलयाला यंत्राने दिलेले ठोके) किती टक्के आहे ते बघा.

वळीव

बघितलं. 3 टक्के. मग राहू दे 60.

निरंजना (अकरा दिवसांनी)

उशिरा लिहितेय, माफ करा.

हा हिशेब कागदावर मांडून घेऊन गेले. तंत्रज्ञ ताईंनी तो शांतपणे वाचला, यंत्र जोडलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." आधी त्यांनी निलयाला ठोके देऊन वीज उलटी वर चढते का ते पाहिलं. चढत नव्हती. मग पीव्हीएआरपी 250 केला, ॲडॅप्टिव्ह एव्ही डिले सुरू केला, तो वाढत्या वेगात 100 पर्यंत उतरतो. मी तिथेच बेरीज केली: 350, म्हणजे 171. वरची मर्यादा 130 च ठेवली. त्यापलीकडे गेले तर अधूनमधून एखादा ठोका गळेल, निम्मे होणार नाहीत, असं त्यांनी समजावलं.

मग डॉक्टरांसमोर ट्रेडमिल झाली. 119 आले तेव्हा मी श्वास रोखला होता. 120, 121, 124, 127. बाबा चालतच होते. ईसीजीतही दुसरं काही निघालं नाही.

काल संध्याकाळी मी घरी आले तर बाबा दारात उभे, घामाघूम. लिफ्ट चालू होती, तरी चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने आले होते. ऑक्सिमीटर स्वतःच मागितला. 126.

लंबक

निरंजनाताई, 127 च्या वेळचा ईसीजी मिळाला तर नाव झाकून इथे टाका. पी लहर (अलिंदाच्या ठोक्याची खूण) आणि पेसमेकरचा स्पाइक (त्याने दिलेल्या विजेची उभी रेघ) यांच्यातलं अंतर किती आखडलंय ते सगळ्यांना दाखवतो.